फर्निचरवर नाव उमटवायचा पितळी ठसा: या चुका टाळा

तापवून लाकडावर दाबायचा हा ठसा नीट उठत नाही म्हणून लोक तो आणखी तापवतात. खरं तर बहुतेक ठसे डिझाइन काढतानाच फसलेले असतात.

देवनागरी नावाला कलमी वळणाचा, कुठे जाड कुठे बारीक असा फॉन्ट घेऊ नका. जाड भाग नीट उठेपर्यंत बारीक काना-मात्रा जळून खोल जातात. सगळ्या रेषा, शिरोरेषेसकट, साधारण १.२ मिमी ठेवा. दुसरी अडचण बंद पोटांची. ‘सोलापूर’ घ्या: ‘प’च्या पोटात धूर अडकतो आणि आतलं लाकूड करपतं. तिथे दीड-दोन मिमी मोकळी जागा ठेवा, नाहीतर सीएनसीचा (संगणकावर चालणाऱ्या खोदाई मशीनचा) कटरही खोल जात नाही. अक्षराची उंची त्यामुळे १२ मिमीच्या खाली नको. सुटा अनुस्वार २ मिमीचा करा, बारीक ठेवला तर दाब पडताच वाकतो.

अक्षरांभोवतीची खोदाई ३ ते ४ मिमी खोल हवी. एक-दीड मिमीवर भागवलं की अक्षरांभोवती तपकिरी सावली पडते.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत काम देताना फाइल उलटी कोण करणार ते आधी ठरवा. तुम्हीही उलटवली आणि मशीनवाल्यानेही, तर पितळेवर नाव सरळ येतं आणि लाकडावर उलटं. ठसा आरशात सरळ वाचता आला पाहिजे.

ठोकळा १५ ते २० मिमी जाडीचा घ्या. पातळ पट्टी पहिल्याच छापाला गार पडते. दांडा कथलाने डाखू नका, तापल्यावर तो सुटून हातात येतो. मागून एम१० चे (१० मिमी व्यासाचे) आटे पाडा आणि ३० सेंमीची साधी लोखंडी सळई बसवा. जस्ताचा मुलामा असलेली नको, तापली की विषारी धूर सोडते.

गॅस टॉर्चची ज्योत पाठीवर मारा, अक्षरांवर नाही. पितळ लाल दिसलं तर फारच तापलंय. त्याच लाकडाच्या तुकड्यावर बघा: दोन-तीन सेकंदांत स्वच्छ गडद तपकिरी छाप आला की बरोबर. ज्वाळा उठली तर थांबा, गार होऊ द्या.

एकच बाजू फिकी येतेय? ठशाचं तोंड सपाट नाही. जाड काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासा. तरीही तसंच असेल तर सळई तिरकी बसलीय. कडा पसरट आल्या तर लाकूड ओलं आहे. वैशाखात तीन सेकंदांत उठणारा ठसा श्रावणात त्याच वेळेत फिका येतो, म्हणून पावसाळ्यात तुकड्यावरची चाचणी दरवेळी करा. शिसवावर मात्र सगळं बरोबर करूनही छाप धड दिसत नाही. तिथे ठसा वापरूच नये.

ठसा पॉलिशच्या आधी मारा. लाखेचं पॉलिश वितळतं, थिनरचं पेट घेऊ शकतं, आणि सनमायकावर तर फक्त फोड येतात. दर चार-पाच छापांनी गरम ठसा पितळी तारेच्या ब्रशने घासा. काजळी राहिली की ‘प’चं पोट पुन्हा बुजलंच.