त्रिपक्षीय ठराव आणि करार: मागणीपत्र लिहिताना या चुका टाळा

‘शिस्तसंहितेचा भंग केल्याबद्दल व्यवस्थापनावर कारवाई व्हावी’, असं युनियनचा नवा पदाधिकारी मागणीपत्रात हौसेनं लिहितो. कोणत्या कलमाखाली, असं विचारलं की गप्प. कलम नाहीच. १९५८ साली, गुलझारीलाल नंदा केंद्रीय कामगारमंत्री असताना, मालक-कामगारांच्या मध्यवर्ती संघटनांनी ही संहिता आपखुशीनं मान्य केली. नोटिशीशिवाय संप नाही की टाळेबंदी नाही, ‘गो-स्लो’ (मुद्दाम संथ काम) नाही, सगळं शब्दावर. कुणी मोडलीच, तर जाब विचारायचा त्याच्याच मध्यवर्ती संघटनेनं. त्यामुळे पत्र तिकडे पाठवा, कोर्टात नको.

याच्या उलट चूक जास्त महागात पडते: बंधनकारक नाही, म्हणजे रद्दी! १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं (सरकार, मालक, कामगार अशा तिन्ही पक्षांची ही बैठक, म्हणून ‘त्रिपक्षीय’) किमान वेतनाचे निकष ठरवले. एका कमावत्यामागे तीन उपभोग एकक (खर्चाचं माप: प्रौढ पुरुष एक पूर्ण एकक, बायको-मुलं त्याहून कमी, म्हणून चौघांचे तीन), प्रौढ माणशी २,७०० उष्मांक, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, शिवाय इंधन-दिवे वगैरेंसाठी २० टक्के. पुढे दुसऱ्या वेतन आयोगासमोर अर्थ मंत्रालयानं हात वर केले, सरकार याला बांधील नाही म्हणून. (परिषदेत सरकार बसलं होतंच की!) तरी १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच निकष उचलले आणि शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरले.

इथे हिशेब हमखास चुकतो. हे २० आणि २५ टक्के ‘एकूण किमान वेतनाचे’ आहेत. म्हणजे अन्न, कापड, भाडं मिळून उरतात ५५ टक्के. त्यांची बेरीज ११,००० रुपये आली, तर वेतन २०,०००. वरून ४५ टक्के चढवलेत तर १५,९५० वरच अडकता, आणि समोरचा व्यवस्थापक ती चूक दुरुस्त करून देणार नाही.

शेवटी सहीची गोष्ट. आपापसातला करार सही करणाऱ्या पक्षांपुरताच. समेट अधिकाऱ्यापुढे (मालक-कामगारांचा वाद मिटवायला सरकारनं नेमलेला अधिकारी) समेटाच्या कामकाजात झालेला करार दुसऱ्या युनियनच्या सभासदालाही लागू होतो, उद्या भरती होणाऱ्यालाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातला हा फरक २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. मंत्र्यांच्या दालनातल्या बैठकीचं इतिवृत्त मात्र यांपैकी काहीच नव्हे. ते हातात पडल्यावर गुलाल उधळू नका. त्यातला मजकूर घेऊन समेट अधिकाऱ्यापुढे रीतसर करार करून घ्या.