जुने ब्रिटिश गुन्हेपट पाहताना: प्रश्न कोण विचारतो ते मोजा

बेसिल डिअर्डन यांचे तीन सिनेमे याच क्रमाने पाहा: ‘पूल ऑफ लंडन’ (१९५१), ‘सफायर’ (१९५९), ‘व्हिक्टिम’ (१९६१). दिग्दर्शक तोच, त्यामुळे वर्ण आणि समलिंगी संबंधांकडे पाहण्यात दहा वर्षांत काय हललं ते नीट दिसतं.

प्रत्येक सिनेमा दोनदा पाहायचा. पहिल्यांदा वही बंद. दुसऱ्यांदा चार रकाने आखा: पात्राचं नाव, व्यवसाय, त्याने विचारलेले प्रश्न, त्याला विचारलेले प्रश्न. तपासकथेत सत्ता प्रश्न विचारणाऱ्याकडे असते. नुसते कृष्णवर्णीय चेहरे मोजलेत तर ‘सफायर’ फार पुढारलेला वाटेल आणि तपास करणारे दोन्ही मुख्य अधिकारी गोरे आहेत हे निसटून जाईल.

‘पूल ऑफ लंडन’मध्ये कृष्णवर्णीय अभिनेते अर्ल कॅमेरॉन खलाशाच्या भूमिकेत आहेत. गोऱ्या मुलीशी त्याची मैत्री जमते, पण सिनेमा ती पुढे जाऊ देत नाही. कुठल्या प्रसंगात थांबवतो ते टिपा.

खरा वेळ ‘सफायर’ला द्या. कथा सुरू होते लंडनच्या हॅम्पस्टेड हीथ या माळरानावर सापडलेल्या सफायर नावाच्या तरुणीच्या मृतदेहापासून, म्हणून सफायरच्या नावापुढचे रकाने जवळजवळ कोरे राहतात. ते भरायला जाऊ नका, कोरेपणा हीच नोंद आहे. सगळे तिला गोरी समजत असतात. मग तिचा भाऊ येतो, कृष्णवर्णीय डॉक्टर (पुन्हा कॅमेरॉन). इथे सिनेमा थांबवा आणि आधीची व नंतरची पोलिसांची भाषा शेजारी शेजारी लिहा. इन्स्पेक्टर लिअरॉइडची तर शब्दन् शब्द. गोरी म्हणून वावरण्याची ही लपवाछपवी पडद्यापुरती नव्हती: मुंबईत जन्मलेल्या मिश्रवंशीय अभिनेत्री मर्ल ओबेरॉन आपला वंश लपवायला जन्म टास्मानियातला सांगत.

हमखास होणारी चूक म्हणजे वर्णद्वेषी पात्राला एकटं खलनायक ठरवणं. समासात साल लिहा, म्हणजे ती टळते. लंडनमधली नॉटिंग हिलची वर्णद्वेषी दंगल १९५८ची, सिनेमा पुढच्याच वर्षीचा, आणि रंगावरून घर नाकारणं ब्रिटनमध्ये बेकायदा ठरलं ते १९६८ साली.

कादंबऱ्यांना हीच पद्धत लावायची असेल तर आधी आवृत्तीचं साल तपासा. अगाथा ख्रिस्तींच्या १९३९च्या एका कादंबरीचं वंशद्वेषी शीर्षकच पुढे बदललं गेलं.

‘व्हिक्टिम’मध्ये रकाने उलटतात. इंग्लंडमध्ये पुरुषांमधले समलिंगी संबंध १९६७पर्यंत गुन्हा होते आणि त्याच धाकावर खंडणी उकळणाऱ्यांचा माग काढणारा बॅरिस्टर स्वतःच त्या भीतीखाली आहे. यावेळी प्रश्न तो विचारतो. मात्र व्यवसायाचा रकानाही वाचा: ही मुभा नामांकित बॅरिस्टरला मिळते, त्याच्यासाठी जीव देणाऱ्या गरीब तरुणाला नाही.