खिशात युरो कमी आणि तिकडं चकवा लागला तर

युरोपला कमी पैशात जाणार असाल तर एकदा तरी वाट चुकणार हे आधीच धरून चला. नुसतं चुकायला काय पैसे पडत नाहीत हो, पैसे जातात ते घाबरून आपण जे करतो त्याला, दिसली टॅक्सी की बसलो, कळलं नाही म्हणून दुसरं तिकीट काढलं, हॉस्टेल मिळेना म्हणून समोरच्या हॉटेलात ऐंशी युरो टाकले. मी आणि मावसभाऊ बेळगावच्या शहापुरातनं निघून बावीस दिवस फिरलो, त्यात पाच वेळा चांगलेच चुकलो, म्हणून हे लिहायलोय.

आमची आज्जी खानापूरकडची. ती म्हणायची रानात चकवा लागला तर पळत सुटायचं नाही, आहे तिथंच बूड टेकायचं, चंची सोडायची, निवांत एक पान खायचं आणि मगच उठायचं. तिकडंपण हेच करा, पानाच्या जागी पाणी प्या एवढंच. बाकावर बसून तिकीट परत एकदा नीट वाचा, शेवटची ओळखीची जागा कुठली होती ते आठवा आणि तिथंपर्यंत चालत मागं या. पाण्याला पण पैसे घालू नका, रोममध्ये रस्त्यारस्त्यावर नासोने म्हणून लोखंडी नळ आहेत, अडीच हजारच्या आसपास, पिण्याचं पाणी, फुकट. आणि पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी असू दे, पोटात काहीतरी असलं की डोकं चालतंय. कुंदा, म्हणजे आपली दुधाची मिठाई, मात्र नेऊ नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातनं दुधाचे आणि मटणाचे पदार्थ नेता येत नाहीत, कस्टमवाल्यानं बघितला तर पेटी तिथंच राहणार आणि जीव तुमचा जाणार.

निघायच्या आधी घरच्या वायफायवर त्या त्या शहराचा मॅप डाउनलोड करून घ्या. नेट नसलं तरी जीपीएस चालतं, हे लई जणांना माहीतच नसतं, निळा ठिपका दिसत राहतो. हॉस्टेल, स्टेशन, बस कुठनं सुटते ते, तिन्हीवर खूण करून ठेवा. आणि एका कागदावर हॉस्टेलचा पत्ता पेनानं लिहून खिशात, कारण फोनची बॅटरी कधी संपते हे सांगायला नको. त्याच कागदात घडी घालून एक पन्नास युरोची नोट, तिला हात लावायचा नाही.

आता मेन गोष्ट, नावं. याच्यात आपण सीमाभागातली माणसं खरं तर तरबेज पाहिजे. आपल्या गावाचंच बघा की, घरात बेळगाव, जुन्या कागदावर बेलगाम, बसच्या पाटीवर कन्नडात बेळगावी आणि २०१४ च्या नोव्हेंबरपासून सरकारीत तेच. आपल्याला हे सगळं एकच हे कुणी सांगावं लागत नाही, पण बाहेरनं आलेला माणूस स्टँडवर उभा राहून बघतच बसतो. तिकडं तो माणूस आपण असतो. बेल्जियममध्ये तर अगदी घरच्यासारखं वाटलं मला, वरच्या भागात डच, खालच्या भागात फ्रेंच, ब्रसेल्सात दोन्ही, आणि रेल्वे भाषेची हद्द ओलांडते तशी गाडीतल्या अनाउन्समेंटची भाषा पण बदलते. फ्रेंचमधलं मोन्स ते डचमध्ये बेर्गन. लील हे फ्रान्समधलं गाव, पण डच बाजूच्या हायवेवर पाटी असते रायसल, लीलचं नाव हुडकत हुडकत माणूस पुढं जातो. इटलीत स्टेशनवर मोनाको दिसलं तर ते समुद्राकाठचं मोनाकोच असेल असं नाही, जर्मनीतल्या म्युनिकला पण इटालियनमध्ये मोनाकोच म्हणतात. फ्लॉरेन्स म्हणजे फिरेन्झे, व्हिएन्ना म्हणजे वीन, प्राग म्हणजे प्राहा. म्हणून गावाचं नाव तिथल्या भाषेत, तिथल्या स्पेलिंगमध्ये वहीत उतरवून घ्या आणि पाटीशी अक्षर न् अक्षर जुळवा. कानावर जाऊ नका.

आम्ही कानावर गेलो ना. गेंटहून ब्रसेल्सला यायलो होतो, मिडी स्टेशनला उतरून शार्लरवा एअरपोर्टची बस धरायची होती. मी आपला मिडी मिडी कधी म्हणतात तेच ऐकत बसलेला, आणि गाडीत सांगितलं ब्रसल झाउड. म्हटलं हे दुसरंच कुठलं तर असेल, बस गप. गाडी हलली आणि तेव्हा प्लॅटफॉर्मवरची पाटी सरकत गेली डोळ्यासमोरनं, त्याच्यावर दोन्ही नावं. मिडी म्हणजे फ्रेंचमध्ये दक्षिण, झाउड म्हणजे डचमध्ये दक्षिण, स्टेशन एकच! भाऊ म्हणाला, झालं, आपल्या बेळगावात पहिल्या रेल्वे गेटाला उतरायचं ते तिसऱ्या गेटाला चाललो तसं. शेवटी उतरलो ते नॉर्डला, मी थेट टॅक्सीच्या रांगेत जाऊन उभा, त्यानं कॉलर धरून मागं ओढला. मिडी, सेंट्रल आणि नॉर्ड ही तिन्ही स्टेशनं एका लाइनीत आहेत, सारख्या गाड्या असतात, आणि ब्रसेल्सचं तिकीट तिन्हीला चालतं. उलट्या गाडीनं दहा-पंधरा मिनिटात परत, खर्च शून्य. बस पण मिळाली.

तर चुकीच्या गाडीत बसलाय हे कळलं की पुढच्या स्टेशनला उतरा, आणि त्याआधी टीसी दिसला तर आपणच जाऊन सांगा, तो आपल्यापर्यंत यायची वाट बघू नका. बर्लिनमध्ये चुकीच्या तिकिटाला साठ युरो दंड आहे. तिथं ए, बी, सी असे झोन आहेत आणि एअरपोर्ट सी मध्ये येतो, ए-बी चं तिकीट घेऊन विमानतळावर निघालेले लोक असेच सापडतात. दुसरं एक, म्युनिकहून दक्षिणेला डोंगराकडं जाणारी लोकल वाटेत सुटी होते, होल्झकिर्शनला आणि पुढं शाफ्टलाखला, एकाच गाडीचे तुकडे तीन गावांना जातात. गाडी बरोबर पण डबा चुकीचा. डब्यावरची पाटी वाचूनच चढा.

स्वस्त तिकिटाची एक गोम आहे. जर्मनीत आधी काढलेलं सवलतीचं तिकीट त्याच एका गाडीला चालतं, आपल्या चुकीनं ती गाडी हुकली तर तिकीट वाया. म्हणून असल्या तिकिटाच्या आधी दोन तास मोकळे ठेवा, चुकायला. विमानाचं पण तसंच, स्वस्त विमानाच्या तिकिटावर फ्रँकफर्ट लिहिलेलं असतं आणि उतरवतात हानला, म्हणजे फ्रँकफर्टपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, बेळगावातनं निघालं तर निपाणीच्या पण लई पुढं. पॅरिसचं बोव्हे तसंच, ऐंशीच्या वर. बसचं भाडं धरून हिशोब करा.

विचारायचं कुणाला? बसचा ड्रायव्हर, हिरव्या क्रॉसचं औषधाचं दुकान, पोरं घेऊन चाललेली बाई. स्टेशनवर आपणहून मदत करायला येणाऱ्याला नको. आणि "ही गाडी गेंटला जाते काय" असं विचारू नका, मान हलवतात लोक, आपल्याकडं पण वडगावला जाते काय म्हटलं की बसा बसा म्हणतात. "ही कुठं जाते" विचारा. दोघांना विचारा, दोघांचं जुळलं तर हला. जिवावरचं काही असलं तर ११२, सगळ्या युरोपियन युनियनमध्ये एकच नंबर, फुकट. पासपोर्ट गेला तर आधी पोलिसात तक्रार, तो कागद घेऊन आपली एम्बसी.

व्हेनिसला मात्र माझं सगळं शहाणपण संपलं. तिथं घरांना नंबर गल्लीप्रमाणे नाहीत, आख्ख्या पेठेला मिळून एकच माळ, अशा सहा पेठा, म्हणजे ३२०० नंबरच्या शेजारी काय येईल देव जाणे. जीपीएसचा ठिपका पण त्या बोळात उड्या मारतो, गल्लीत शिरावं तर पुढं पायरी आणि पायरीखाली पाणी. आमची खोली मेस्त्रेला, म्हणजे व्हेनिसच्या अलीकडं जमिनीवरच्या भागात, तिकडं स्वस्त पडतं, रेल्वेनं दहा-बारा मिनिटं, पण त्यासाठी आधी व्हेनिसचं सांता लुचिया स्टेशन सापडायला पाहिजे. भिंतीवर पिवळ्या पाट्या असतात, रियाल्टोकडं, सान मार्कोकडं, आणि फेरोव्हिया म्हणजे रेल्वे. एका भिंतीवर रियाल्टोची पाटी, बाण डावीकडं पण आणि उजवीकडं पण. तुम्ही कुठल्याही बाजूनं जा, दोन्ही बरोबर असतात, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

रात्रीचे अकरा झालेले, आणि मी तिथं उभा राहून घरी फोन लावला. असलं करू नका. उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढं असतो, म्हणजे बेळगावात अडीच वाजलेले. आई रडायला लागली, बाबांनी काकांना उठवलं, काकांनी शेजारच्यांना, कारण त्यांचा मुलगा जर्मनीत आहे. इकडं दहा मिनिटात आम्हाला फेरोव्हियाची पाटी सापडली आणि आम्ही गाडीत बसलो, पण फोनची बॅटरी गेलेली. सकाळी चार्ज करून बघतो तर अठ्ठावीस मिस्ड कॉल, आणि त्यातला एक आमच्या दूधवाल्याचा.