मराठीत व्हायोला उभी करताना क्रियापदं सांभाळा

शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मधली व्हायोला जहाज फुटल्यावर पुरुषवेशात सिझारिओ बनून ड्यूक ऑर्सिनोकडे चाकरीला राहते. तिचा जीव ऑर्सिनोवर जडतो, त्याचा ऑलिव्हियावर आणि ऑलिव्हिया भाळते ऑर्सिनोच्या निरोप्यावर, म्हणजे हिच्यावरच. इंग्रजीत 'आय' म्हटलं की भागतं. मराठीत 'जाते' म्हटलं की सोंग उघडं पडतं. म्हणून कपड्यांआधी संहिता घ्या.

सिझारिओचं एकेक वाक्य तपासा. 'मी नाही', 'मी येईन', 'मी निरोप दिला' यांतून बोलणाऱ्याचं लिंग कळत नाही. 'मी आलो', 'मी जातो' यांतून कळतं. रोजच्या चाकरीचं बोलणं बिनधास्त पुल्लिंगी ठेवा. लिंग न दाखवणारी वाक्यं जपून ठेवायची ती आडून खरं बोलण्यासाठी. तिसऱ्या अंकात ऑलिव्हियाला ती सांगते, 'जे मी आहे, ते मी नाही.' इथे 'दिसतो' घातलंत की वाक्य संपलं!

दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात ऑलिव्हियाचा कारभारी माल्व्होलिओ 'तुझीच' म्हणून तिने परत पाठवलेली अंगठी जमिनीवर टाकून जातो. तो विंगेत जाईपर्यंत अंगठीला हात लावू नका. स्वगताची सुरुवात 'मी कुठे अंगठी ठेवली होती?' अशी करा. क्रियापद अंगठीच्या मागे जातं. पहिलं स्त्रीलिंगी क्रियापद, 'बाई म्हणून मी तरी काय करू शकते?', पुढे येऊ द्या. तोवर प्रेक्षक त्याची वाट बघत असतो.

अवघड जागा याच अंकाच्या चौथ्या प्रवेशात आहे. ऑर्सिनोला ती 'बहिणी'ची गोष्ट सांगते: 'मी बाई असतो, तर कदाचित तुमच्यावरच...' इथे 'असतो'च हवं, पण त्यावर जोर नको. जोर दिला की हशा येतो आणि पुढची वेदना त्यात वाहून जाते. 'वडिलांच्या घरच्या सगळ्या मुली मीच, मुलगेही मीच... तरी कोण जाणे' यातलं 'कोण जाणे' जुळ्या भावासाठी, सेबास्टियनसाठी आहे; तो बुडाला असं तिला वाटतं. ऑर्सिनोवरची नजर काढून ते म्हणा.

ऑलिव्हिया तिसऱ्या अंकात प्रेमाची कबुली देताना 'तुम्ही'वरून 'तू'वर येते. सिझारिओ मात्र शेवटपर्यंत 'बाईसाहेब'च म्हणतो.

मिशी लावायचा मोह टाळा. ऑर्सिनो या पोराच्या मऊ ओठांचं वर्णन करतो, माल्व्होलिओ त्याला धड पुरुष म्हणत नाही आणि विदूषक फेस्टे त्याला दाढी येवो असा आशीर्वाद देतो. मिशी लागली की हे तिघेही खोटे ठरतात. पोशाख मात्र सेबास्टियनच्याच रंगाचा आणि घाटाचा हवा. आपण भावाचीच नक्कल करतो असं ती स्वतः सांगते. चेहरे जुळले नाहीत तरी चालतं.

शेवटी तिला बायकी पोशाखात आणू नका. तिचे कपडे जहाजाच्या कप्तानाकडे आणि कप्तान माल्व्होलिओच्या फिर्यादीवरून कैदेत. 'व्हायोला' हे नावही संवादात पहिल्यांदा पाचव्या अंकातच उच्चारलं जातं आणि त्यानंतरही ऑर्सिनो तिला 'सिझारिओ, ये' असंच बोलावतो. 'ये'ला लिंग नाही. तिथे काही बदलू नका.