माय-एसक्यूएल (डेटाबेस सर्व्हर, डेटा टेबलांत साठवणारं सॉफ्टवेअर) परत टाकलं आणि सुरूच होईना
सर्व्हर स्टार्ट केला की लगेच फेल. आधी वाटलं त्याचा नेहमीचा 3306 पोर्ट (ज्या नंबरवर तो कनेक्शन घेतो) दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामने अडवलाय, बघितलं तर मोकळा. मग परत काढा परत टाका असं तीनदा केलं, एरर लॉग (सर्व्हर चुका लिहून ठेवतो ती फाइल) बघायचं काही सुचलं नाही, काय बोलणार! शेवटी उघडला तर आयबीडेटा1 या त्याच्या डेटाच्या फाइलपाशी एरर 13, म्हणजे परवानगी नाही. झालेलं असं की जुना डेटा फोल्डर मी बाजूला ठेवलेला आणि इन्स्टॉल झाल्यावर रूटने (सगळे अधिकार असलेला अ‍ॅडमिन युजर) परत जागेवर कॉपी केला, त्यामुळे सगळ्या फाइली रूटच्या नावावर गेल्या आणि सर्व्हर तर चालतो त्याच्या स्वतःच्या वेगळ्या युजरने. अख्खा फोल्डर, आतल्या फाइलींसकट, त्या युजरच्या नावावर केला, स्टार्ट दिलं, चालू! टेबलं सगळी जशीच्या तशी.