वेल्सच्या दऱ्यांत पहिलं वर्ष: दवाखान्यामागची माणसं ओळखून घ्या

इथे 'सर्जरी' म्हणजे ऑपरेशन नाही. सर्जरी म्हणजे फॅमिली डॉक्टरचा दवाखाना. घराची किल्ली हातात पडली की पहिल्याच आठवड्यात तिथे जाऊन नाव नोंदवायचं, आजारी पडायची वाट बघायची नाही. अंगात ताप आणि कडेवर रडतं मूल घेऊन पहिल्यांदाच तो फॉर्म भरणारी आपल्याकडची कितीतरी कुटुंबं मी पाहिली आहेत, म्हणून हे सगळ्यात आधी सांगते.

मी मूळची मिरजेची, पेशाने नर्स. 2004 साली साउथ वेल्समध्ये आले. काही वर्षं वॉर्डात काढली, मग डिस्ट्रिक्ट नर्स झाले, म्हणजे घरोघरी जाऊन पेशंट बघणारी. राहते ॲबरडेअरच्या वरच्या अंगाला, कनन नदीच्या दरीत. दोन बाजूंना डोंगर, मध्ये एकाला एक चिकटलेल्या दगडी घरांच्या रांगा, आणि पाऊस. कोकणातून आलेल्यांना पावसाचं काही वाटत नाही, पण चार वाजता पडणारा डिसेंबरचा अंधार त्यांनाही जड जातो. त्यावर पुढे बोलू.

लंडनमधल्या नातेवाइकाने सांगितलेलं सगळं इथे लागू पडेल असं धरून चालू नका. वेल्सची आरोग्यसेवा वेल्सचं सरकार चालवतं, आणि 2009 पासून ती सात आरोग्य मंडळांत वाटलेली आहे. माझ्या भागाचं मंडळ कुम टाव मोरगानुग. प्रत्येक मंडळाकडे आपल्या मुलखातली इस्पितळं, सर्जऱ्या, नर्सा, दाया असं सगळं असतं. इथे औषधाच्या चिठ्ठीला पैसे पडत नाहीत. 1 एप्रिल 2007 पासून ते बंद झाले, इंग्लंडमध्ये मात्र अजून पडतात. व्हिसा आरोग्यसेवकाचा असेल तर आरोग्य अधिभारही नाही. बाकीच्यांनी तो व्हिसा काढतानाच भरलेला असतो, 2024 पासून मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 पौंड. त्यामुळे सर्जरीच्या खिडकीशी पाकीट काढू नका, तिथे कुणी पैसे मागत नाही.

मंडळांच्या नावांकडे जरा बघा. उत्तरेकडच्या मंडळाला बेट्सी कडवालडर या नर्सचं नाव आहे. बालाजवळच्या खेड्यात जन्मलेली ही बाई साठी ओलांडल्यावर क्रिमियाच्या युद्धात जखमींची शुश्रूषा करायला गेली. न्यूपोर्टकडच्या मंडळाला अन्यूरिन बेव्हनचं नाव आहे. हा ट्रेडीगरच्या खाणकामगाराचा मुलगा, शाळा सोडून लहान वयातच स्वतः खाणीत उतरलेला. पुढे आरोग्यमंत्री झाला आणि 5 जुलै 1948 रोजी त्याने ही मोफत सेवा, म्हणजे एनएचएस, सुरू केली. कल्पना त्याने गावातूनच उचलली होती. ट्रेडीगरच्या कामगारांनी 1890 साली एक वैद्यकीय मदत मंडळी काढली होती. पगारातून थोडे पेन्स कापून जायचे आणि त्यातून डॉक्टर, औषध, इस्पितळ असं सगळं कुटुंबाला मिळायचं. अशा मंडळ्या दऱ्यादऱ्यांत होत्या.

हे मला पुस्तकाआधी एका पेशंटकडून कळलं. ऐंशी ओलांडलेले आजोबा, आयुष्य कोळशाच्या खाणीत गेलेलं. पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करायला मी आठवड्यातून दोनदा जायची. त्यांच्या हातांच्या पाठीवर आणि कपाळावर निळ्या रेघा होत्या. मला वाटलं, गोंदण असेल. ते म्हणाले, खाणीत खरचटलं की जखमेत कोळशाची भुकटी राहून जायची आणि कातडी तिच्यावरूनच भरून यायची. बोलताना दर चार शब्दांनी त्यांना थांबावं लागे, फुप्फुसातही तीच भुकटी. पट्टी गुंडाळून होईपर्यंत ते वडिलांच्या पगाराच्या पाकिटाची गोष्ट सांगत. डॉक्टरचे पैसे आधीच कापलेले असायचे, आईला कधी दारात उभं राहून उधार मागावं लागलं नाही. जाताना मला 'दिओल्ख, बाख' म्हणायचे, म्हणजे 'आभारी आहे, पोरी'. इथल्या म्हाताऱ्या माणसांना ही सेवा सरकारने दिलेली वाटत नाही, ती त्यांना आपल्या घरची वाटते. इथे रांग मोडणाऱ्यावर लोक का चिडतात, ते मला त्या घरात समजलं.

म्हणून पहिली सवय सोडायची ती ओळख काढायची. 'अमक्या इस्पितळात आपला कोणी आहे का' हा फोन मला महिन्यातून दोनदा येतो. इथे ओळखीने तारीख अलीकडे येत नाही. दुखणं किती गंभीर आहे त्यावर येते, आणि ते ठरतं तुम्ही काय सांगितलंत त्यावरून. तज्ज्ञाकडे थेट जाता येत नाही, वाट सर्जरीतूनच जाते. सर्जरीतही आधी भेटते ती रिसेप्शनिस्ट. 'काय होतंय' असं ती विचारते तेव्हा आपल्या बायकांना फार संकोच वाटतो, पुरुषांना राग येतो. ती चौकशी करते कारण तुम्हाला डॉक्टरकडे पाठवायचं, नर्सकडे, फिजिओथेरपिस्टकडे की फार्मसीत, हे तिला ठरवायचं असतं. तिचं तसं प्रशिक्षण झालेलं असतं आणि गुप्तता पाळणं तिला बंधनकारक आहे. मोकळेपणाने सांगा. सगळ्यांसमोर बोलायचं नसेल तर 'बाजूला बोलता येईल का' असं विचारा, जागा करून देतात. आणि तिचं नाव लक्षात ठेवा. माझ्या सर्जरीतल्या बाईने तिशीपासून साठीपर्यंत त्याच खुर्चीत काम केलं. कुणाचा नवरा वारला, कुणाचं पोर परीक्षेला बसलंय, तिला सगळं ठाऊक होतं. फोनवरच्या आवाजावरून ती ओळखायची की आज हिला लगेच बघायला हवं.

दुखणं सांगणं हीच खरी अडचण आहे. आपल्याकडे कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, मुरडा पडतो, आग होते, भगभगतं, अंग मोडून येतं. इंग्रजीत बोलायला लागलो की या सगळ्याचं आपण एकच 'पेन' करून टाकतो. एकदा एका काकूंनी छातीत 'गॅस' आहे असं सांगितलं. मी मराठीत विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, 'अगं, दगड ठेवल्यासारखं होतंय आणि डावा हात गळाल्यासारखा झालाय.' त्या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ॲम्ब्युलन्स 999 वर बोलवावी लागली. तेव्हा घरून निघण्याआधी कागदावर लिहून न्या: कुठे, कधीपासून, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, भारतातली कुठली औषधं चालू आहेत. गोळ्यांच्या पट्ट्याच बरोबर घ्या, कारण आपल्याकडची ब्रँडची नावं इथे कुणाला कळत नाहीत. आईवडिलांना इंग्रजी येत नसेल तर दुभाषी मागा, त्याला पैसे लागत नाहीत. दहा वर्षांच्या नातवाला आजीच्या पोटातल्या गाठीबद्दल बोलायला लावू नका.

आईवडील व्हिजिटर व्हिसावर येणार असतील तर प्रवासाचा विमा काढल्याशिवाय त्यांना विमानात बसवू नका. इमर्जन्सी विभागातली तपासणी मोफत असते, पण दाखल करून घेतलं की बिल येऊ शकतं, आणि ते मोठं असतं.

सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक आणि अंगदुखीला इंजेक्शन मिळणार नाही. डॉक्टर लक्ष देत नाहीत असा त्याचा अर्थ काढू नका. साध्या आजारांना आधी फार्मसीत जा. डोळे येणं, तोंड येणं, गजकर्ण, मूळव्याध अशा दोन डझनांहून जास्त तक्रारींवर फार्मासिस्ट बाजूच्या छोट्या खोलीत बसवून तपासतात आणि औषधही फुकट देतात. सर्जरी बंद असेल, पण दुखणं 999 एवढं नसेल, तर 111.

त्याच 111 वर फोन लागला की 2 दाबायचं, हे वेगळं लक्षात ठेवा. तिकडे मनाच्या दुखण्यावर बोलणारी माणसं रात्रंदिवस असतात. पहिल्या हिवाळ्यात नवरा किंवा बायको ड्यूटीवर, मूल झोपलेलं, खिडकीबाहेर काळोख, घरी फोन करावा तर तिकडे मध्यरात्र. तेव्हा जे होतं त्याला आपण 'कसंतरी होतंय' म्हणतो आणि सोडून देतो. सोडून देऊ नका. मीही माझ्या दुसऱ्या जानेवारीत बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. वॉर्डातल्या एका हेल्थकेअर असिस्टंटने ते ओळखलं. तिने काही विचारलं नाही, नुसतं कुच दिलं. 'कुच' हा इथला शब्द, आपल्या कुशीत घेण्याच्या अगदी जवळचा. मग तिनेच माझ्यासाठी सर्जरीत फोन लावला.

आपल्या शरीराबद्दलही थोडं. आपल्या वंशाच्या लोकांना मधुमेह लवकर आणि कमी वजनातही होतो, म्हणून आपल्यासाठी धोक्याची रेघ बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 23 झाला की तिथपासूनच धरतात. नोंदणीच्या वेळी घरात कुणाला साखर आहे ते सांगा आणि रक्ततपासणी मागा. सावळ्या कातडीला इथलं ऊन पुरत नाही, तेव्हा ड जीवनसत्त्वाची 10 मायक्रोग्रॅमची रोजची गोळी बारा महिने घ्या. पन्नाशी झाली की आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं किट पोस्टाने घरी येतं. घाण वाटते म्हणून आपली माणसं ते कचऱ्यात टाकतात. टाकू नका, पाच मिनिटांचं काम आहे.

दिवस गेले तर गायनॅक शोधत बसू नका. सगळं ठीक असेल तर पहिल्या महिन्यांपासून बाळंतपणापर्यंत मिडवाइफच बघते. नंतर हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळाकडे बघणारी नर्स, घरी येते. ती घर तपासायला येत नाही, आवरत बसू नका, चहा टाका.

शरीराबद्दलचीच आणखी एक गोष्ट, घरात बसून बोलायची. वेल्समध्ये 1 डिसेंबर 2015 पासून अवयवदानाला तुमची संमती आहे असंच गृहीत धरतात. ब्रिटनमध्ये हे आधी इथे झालं. अठरा वर्षांवरच्या आणि इथे बारा महिने राहिलेल्या माणसाला ते लागू होतं. नको असेल तर तशी नोंद करता येते. हवं असेल तरी घरच्यांना सांगून ठेवा, कारण त्या वेळी विचारतात त्यांनाच. मी माझ्या मुलांना सांगितलंय.

आता जे चांगलं नाही तेही सांगते. वाट फार बघावी लागते. माझ्या नवऱ्याच्या खांद्याला चौदा महिने लागले आणि त्या काळात त्याला शर्ट मी घालायची. या दऱ्यांत हे दुखणं जुनं आहे. ग्लिनकोरुग नावाच्या खाणगावात ज्युलियन ट्यूडर हार्ट हे फॅमिली डॉक्टर होते. जिथे गरज सगळ्यात जास्त तिथेच चांगली सेवा सगळ्यात कमी पोचते, असं त्यांनी 1971 साली लिहिलं. मेळघाट, गडचिरोली ठाऊक असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. खाणगावांत यायला डॉक्टर तयार नसत, तेव्हा इथल्या कितीतरी सर्जऱ्या भारत-पाकिस्तानातून आलेल्या डॉक्टरांनी चालवल्या. आज एखादी म्हातारी तुमचं आडनाव ऐकून हसली तर बहुधा तिला तिचा जुना डॉक्टर आठवलेला असतो. वाट बघताना दुखणं वाढलं तर गप्प बसू नका, सर्जरीला कळवा, प्राधान्य बदलू शकतं. तक्रार करायची असेल तर 'ल्लाइस' ही स्वतंत्र संस्था 2023 पासून मोफत मदत करते. ल्लाइस म्हणजे आवाज.

फॉर्म भरताना नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. आपलं मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, फार घोळ घालतं. एका ठिकाणी माझ्या दोन फायली झाल्या होत्या, एक आडनावावर आणि एक नवऱ्याच्या नावावर. रक्ताचा रिपोर्ट तीन आठवडे भलत्याच फायलीत पडून राहिला. आता मी प्रत्येक फोनवर जन्मतारीख आणि एनएचएस नंबर आधी सांगते.

शेवटचा रकाना असतो, गरज पडली तर कुणाला कळवायचं याचा. मी तिथे मिरजेच्या भावाचा नंबर लिहिला होता. तोच फॉर्म हातात घेऊन आमच्या वॉर्डच्या सिस्टरने विचारलं, 'रात्री दोन वाजता हा किती वेळात पोचेल?' तिने भावाच्या नंबरखाली स्वतःचा नंबर लिहिला. ती केव्हाच रिटायर झाली, आता मर्थरजवळ मुलीकडे राहते. माझ्या फॉर्मवर तिचा नंबर अजून आहे.