ज्येष्ठ शास्त्रज्ञांचा सत्कार असा करा

२६ सप्टेंबर हा सीएसआयआरचा, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचा, स्थापना दिवस (स्थापना १९४२). त्या दिवशी देशभरातल्या तिच्या प्रयोगशाळांत निवृत्तांचा आणि २५ वर्षं सेवा झालेल्यांचा सत्कार होतो. अशा कार्यक्रमाची जबाबदारी तुमच्यावर आली, तर आधी मानपत्राचं काम हातात घ्या. शाल-श्रीफळ आयत्या वेळीही मिळतं.

मानपत्र बायोडेटावरून उतरवू नका. शोधनिबंधांची आणि पेटंटांची संख्या ऐकून सभागृहात कुणालाच काही वाटत नाही. जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा, काचकाम करणाऱ्या कारागिराला गाठा. एका मॅडमबद्दल मला असंच कळलं: उत्प्रेरकाची चाचणी रात्रभर चालायची, तेव्हा विद्यार्थ्याला घरी पाठवून त्या स्वतः रिॲक्टरचं तापमान वहीत टिपत बसायच्या. मानपत्राची सुरुवात मी त्यानेच केली.

मसुदा सत्कारमूर्तींना दाखवाच. सहकाऱ्याचं श्रेय राहिलं तर त्यांना फार लागतं. पाहुण्यांचं भाषण आटोपशीर ठेवा, सत्कारमूर्तींना मनसोक्त बोलू द्या.

निवृत्तांना नुसता ईमेल नको. घरी जाऊन बोलवा, न्यायला गाडी पाठवा आणि गेटपास आदल्या दिवशीच करून ठेवा. जिथे हयात घालवली, तिथे त्यांना सुरक्षारक्षकासमोर ताटकळावं लागू नये.